साऱ्या घराच्या पाण्याची गाळणी : निवड आणि निगा

(सुरत येथील मराठी भाषिक रहिवाशांच्या मेळाव्यात प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज आपण ज्या नदीच्या काठी जमलो आहोत ती तापी मध्य प्रदेशात मुलताई येथे उगम पावते, बऱ्हाणपूरवरून खानदेशात उतरते, चांगदेवजवळ पूर्णेला सोबत घेते, प्रकाशाच्या घाटांना स्पर्शून पुढे उकाईच्या जलाशयात विसावते आणि काकरापारवरून सुरतेस येऊन समुद्रास मिळते. सुमारे ७२४ किलोमीटरांचा हा प्रवास आहे. आपणांपैकी बहुसंख्य कुटुंबेही ह्याच वाटेने येथे आली. यंत्रमागाच्या निमित्ताने, कापडबाजाराच्या निमित्ताने, कोणी धुळ्याहून, कोणी अमळनेर-शहाद्याकडून येऊन उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली ह्या भागांत स्थायिक झाली. माझी थोरली बहीण त्यांपैकीच एक. तिच्या घरी मी प्रथम आलो तेव्हा तांब्या पुढे करीत ती म्हणाली होती, ‘हाई आपली तापीनंच पानी शे, भाऊ.’ त्या वाक्यातील विश्वास मला आजही आठवतो, आणि आजच्या विषयाची निवडही मी त्या विश्वासापोटीच केली आहे.

प्रारंभीच एक कबुली दिली पाहिजे. मी कला शाखेचा पदवीधर आहे. रसायनशास्त्र वा अभियांत्रिकी हे माझे विषय नव्हेत. तथापि पाणीपुरवठ्याच्या प्रसिद्धीचे काम करताना अभियंते, प्रयोगशाळेतील रसायनी आणि गावोगावचे जलसुरक्षक ह्यांच्या सहवासात जे ऐकले व पाहिले, ते सोप्या भाषेत आपणांपुढे ठेवावे एवढाच माझा अधिकार. विषय असा : संपूर्ण घराला अथवा संपूर्ण इमारतीला लागणारे पाणी शुद्ध करणारी गाळण यंत्रणा बसवावयाची झाल्यास ती कशी निवडावी आणि बसविल्यानंतर तिची निगा कशी राखावी.

ताईच्या सोसायटीत घडलेला प्रसंग मी आधी सांगतो, कारण पुढील सर्व विवेचन त्याभोवतीच फिरणार आहे. चोवीस बिऱ्हाडांची चार मजली इमारत. महानगरपालिकेचे पाणी ठरलेल्या वेळी येते, ते आवारातील भूमिगत टाकीत पडते आणि तेथून मोटारीने गच्चीवरील टाकीत चढविले जाते. उन्हाळ्यात पाण्याला वास येऊ लागला, तेव्हा सभासदांनी वर्गणी काढली व एका विक्रेत्याकडून निळ्या रंगाच्या दोन उंच पिंपांची यंत्रणा बसवून घेतली. एकात वाळू, दुसऱ्यात कोळसा. भूमिगत टाकीतून गच्चीवर जाणाऱ्या नळावर ती बसली आणि दुसऱ्याच दिवसापासून वास नाहीसा झाला. सर्वांनी समाधान मानले. दीड वर्ष त्या पिंपांकडे कोणी फिरकलेही नाही. मग एका पावसाळ्यात सहा घरांत कावीळ झाली. त्यांत माझा भाचा होता. त्याचे दहावीचे वर्ष होते. सव्वा महिना तो अंथरुणास खिळून होता. दोन मजले वर राहणारी एक गर्भवती भगिनी तर रुग्णालयात अत्यवस्थ होऊन, सुदैवानेच बचावली. दूषित पाण्यातून येणारी ई प्रकारची कावीळ गर्भवतींना विशेष घातक ठरते, ही गोष्ट त्या दिवसांत मी प्रथम डॉक्टरांच्या तोंडून ऐकली.

पाणी तपासण्यास जो कर्मचारी आला त्याच्याजवळ फारसे काही नव्हते. एक छोटी पेटी, काचेच्या दोन नळ्या आणि एक द्रावणाची बाटली. आपल्याकडे खेड्यापाड्यांत ह्यास ‘ओ.टी. परीक्षण’ म्हणतात. पाण्यात द्रावणाचे काही थेंब टाकावयाचे. पाण्यात मुक्त क्लोरीन शिल्लक असेल तर ते पिवळे होते. त्याने रस्त्यावरून येणाऱ्या नळाचे पाणी घेतले : स्वच्छ पिवळा रंग. भूमिगत टाकीतील पाणी घेतले : अगदी फिकट पिवळा. ताईच्या स्वयंपाकघरातील नळाचे पाणी घेतले : रंग नाही. तीन नळ्या कट्ट्यावर शेजारी शेजारी ठेवून तो इतकेच म्हणाला, ‘साहेब, तुमच्या मशीनने औषध काढून टाकले.’

हे वाक्य समजून घेण्यास मला बराच वेळ लागला. सक्रिय कोळसा पाण्यातील वास, रंग व कित्येक सेंद्रिय द्रव्ये शोषून घेतो. तद्वतच तो क्लोरीनही काढून घेतो. नगरपालिका जे क्लोरीन मिसळते ते केवळ जलशुद्धीकरण केंद्रातील जंतू मारण्यासाठी नसते. वाटेत कोठे घाण शिरल्यास तिचा सामना करण्यास थोडे क्लोरीन पाण्यासोबत घरापर्यंत यावे, अशी योजना असते. म्हणूनच भारतीय मानक १०५०० मध्ये ग्राहकाच्या नळाशी प्रति लिटर किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन असावे असे सांगितले आहे. कोळसा आधी आणि साठवण नंतर, असा क्रम लावला की हा पहारेकरी दाराशीच निरोप घेतो आणि गच्चीवरील टाकीत चोवीस तास उभे राहणारे पाणी निराधार होते. त्यातच दीड वर्ष न बदललेल्या कोळशात जंतू घर करतात. ताईच्या इमारतीत दुसराही दोष होता : भूमिगत टाकीच्या भिंतीस तडा गेलेला आणि तीन फुटांवर मैल्याचा चेंबर. कोणत्या दोषाचा वाटा किती, हे मोजणे शक्य नाही. परंतु पहिला दोष सभासदांनी पैसे देऊन विकत घेतला होता.

ह्यावरून गाळणी निरुपयोगी आहे असे कोणी समजू नये. पाणी गाळण्याचे महत्त्व जगाला ज्या घटनेने पटले ती १८९२ सालची आहे. जर्मनीत एल्ब नदीकाठी हॅम्बुर्ग व आल्टोना ही दोन शहरे एकमेकांस चिकटून होती. हॅम्बुर्ग नदीचे पाणी न गाळता पुरवीत असे. आल्टोना तर हॅम्बुर्गच्या खालच्या अंगाला, म्हणजे वरच्या शहराचा मैला मिसळलेले पाणी घेई; पण ते वाळूच्या थरांतून सावकाश गाळून देई. त्या वर्षी पटकीची साथ आली आणि हॅम्बुर्गमध्ये आठ हजारांहून अधिक माणसे दगावली. आल्टोनाची झळ तुलनेने फारच थोडी होती. सरहद्दीवरील रस्त्याच्या एका बाजूस साथ आणि दुसऱ्या बाजूस ती नाही, असे दृश्य होते. रॉबर्ट कॉख ह्यांनी ह्या घटनेचा अभ्यास केला व वाळूच्या गाळणीची बाजू निर्विवाद झाली.

मात्र येथे एक सावधगिरी बाळगावयास हवी. आल्टोनाची गाळणी मंदगती होती. वाळूच्या पृष्ठभागावर जिवाणूंचा एक सजीव थर तयार होतो व तो रोगजंतूंना अडवितो; त्यासाठी पाणी अतिशय संथपणे झिरपावे लागते. आपल्या इमारतीत बसणारे पिंप हे दाबाखालील जलद गाळणीचे असते. ते गाळ, माती, गंज अडवील. रोगजंतू अडवील अशी अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नये. विक्रेते ह्या दोहोंतील भेद सांगत नाहीत.

दुसरी घटना आपल्याच देशातील, १९५५ च्या डिसेंबरात व १९५६ च्या जानेवारीत दिल्लीत घडलेली. नजफगढ नाल्याचे पाणी यमुनेत मागे फिरून वझिराबादच्या उपसा केंद्रापर्यंत आले. केंद्रात तुरटी व क्लोरीन वाढविण्यात आले. त्यामुळे जिवाणूजन्य रोग फारसे वाढले नाहीत, परंतु काविळीचे सुमारे २९ हजार रुग्ण झाले. घाण पाण्यात क्लोरीन पुरेसे काम करू शकत नाही. मातीच्या कणांआड विषाणू लपतात व सेंद्रिय घाण क्लोरीन खाऊन टाकते. आपल्या महाराष्ट्रात २०१२ साली इचलकरंजीस काविळीची जी साथ आली ती अनेकांच्या स्मरणात असेल. तेही यंत्रमागाचे गाव, सुरतेसारखेच. गाळणे आणि जंतू मारणे ही दोन कामे आहेत. एकाने दुसऱ्याची जागा घेता येत नाही, आणि क्रमही उलटा करता येत नाही.

आता सुरतेच्या पाण्याकडे वळू. हे शहर समुद्राच्या जवळ असल्याने भरतीचे खारे पाणी नदीत वरपर्यंत चढत असे. पंधराशेच्या सुमारास मलिक गोपीने येथे जो तलाव बांधला, तो गोपी तलाव आजही आपण पाहतो. नदीकाठच्या शहरासही गोड्या पाण्याची साठवण निकडीची होती हे त्यावरून दिसते. १९७२ साली उकाई धरण पूर्ण झाले आणि १९९५ साली सिंगणपोर येथे बंधारा-कॉजवे झाला, त्यामुळे खारे पाणी खाली अडले व गोडे पाणी वर साठले. ह्या सोयीची एक बाजू अशी, की उन्हाळ्यात साठलेले पाणी संथ होते, त्यात जलपर्णी व शेवाळ माजते आणि मग नळाच्या पाण्यास कधी कधी वास येतो. पावसाळ्यात ह्याच्या उलट, पाणी गढूळ होऊन येते. महानगरपालिकेचे पाणी शुद्ध करून येते, ह्यात शंका नाही. परंतु ज्या भागांत ते ठरावीक तासच येते तेथे उरलेल्या वेळात नळ्यांत दाब नसतो, आणि दाब नसलेल्या नळीत सभोवतालची घाण सांध्यातून आत खेचली जाते. मुख्य नळास थेट मोटार लावणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. मोटार पाणी ओढते तशी शेजारच्या गटारातील घाणही ओढते. हा दोष कोणतीही गाळणी पूर्णतः भरून काढीत नाही.

शिवाय अनेक सोसायट्यांतून कूपनलिकेचे पाणी त्याच भूमिगत टाकीत सोडलेले असते. ते नदीच्या पाण्याहून अगदी निराळे. गढूळपणा नसतो, पण क्षार असतात. डाळ शिजत नाही, साबणास फेस येत नाही, बादलीवर पांढरी पुटे चढतात, गिझरचा कॉईल वर्षभरात निकामी होतो. शाळेच्या पुस्तकांत ह्यास दुष्फेन पाणी म्हणत. बोलताना आपण जड पाणी म्हणतो. दोन प्रकृतींचे पाणी एका टाकीत मिसळावयाचे आणि नंतर त्याच्यासाठी यंत्र शोधावयाचे, म्हणजे दोन रुग्णांची नाडी एकदम धरून एकच औषध देण्यासारखे आहे. शक्य असेल तेथे कूपनलिकेचे पाणी वेगळ्या टाकीत, वेगळ्या नळाने, शौचालय व धुण्यासाठी ठेवावे. बऱ्याच ठिकाणी एवढे केले की यंत्राचा प्रश्नच उरत नाही.

म्हणून यंत्रापूर्वी तपासणी. प्रयोगशाळेतून, विक्रेत्याकडून नव्हे. महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा हे काम करतात. येथे महानगरपालिकेकडे किंवा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे जावे. नमुना दोन वेळा द्यावा, एकदा भर उन्हाळ्यात व एकदा पावसाळ्यात, आणि तीन ठिकाणचा द्यावा : रस्त्यावरील जोडणी, भूमिगत टाकी, घरातील नळ. अहवालात गढूळपणा, एकूण विरघळलेले क्षार, एकूण जडपणा, क्लोराइड, लोह, नायट्रेट, फ्लोराइड आणि ई कोलाय ही नावे पाहावीत. मानकानुसार एकूण विरघळलेले क्षार प्रति लिटर ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत आणि दुसरा स्रोत नसल्यास २,००० पर्यंत चालतात. जडपणा २०० पर्यंत असावा, ६०० ही शेवटची मर्यादा. नायट्रेट ४५ च्या पुढे नको. ई कोलाय हा जिवाणू १०० मिलिलिटर पाण्यात एकही आढळता कामा नये. तो आढळला म्हणजे मैल्याचा संपर्क झाला; अशा वेळी यंत्राची किंमत विचारण्याआधी टाकीचा तडा शोधावा.

विक्रेता घरी येऊन जो प्रयोग करून दाखवितो त्याविषयी दोन शब्द बोलल्यावाचून राहवत नाही. तो आपल्या नळाच्या पाण्यात विजेच्या दोन कांड्या बुडवितो. क्षणार्धात पाणी तांबडे-काळे होऊन गाळ वर येतो. आणि घरातील माणसे घाबरतात. तो गाळ आपल्या पाण्यातील नसतो. पाण्यात क्षार असल्याने वीज वाहते व लोखंडी कांडी झिजून तिचाच गंज पाण्यात उतरतो. त्याच्या यंत्रातील पाण्यात क्षार जवळजवळ नसल्याने वीज वाहत नाही व ते स्वच्छ दिसते. माझ्या ओळखीच्या एका मुख्याध्यापकांनी हा प्रयोग पाहून यंत्र घेतले. ते विज्ञान शिकवीत असत. हातातील छोटा क्षारमापक हाही असाच. तो क्षारांची एकूण मात्रा सांगतो. जंतूंविषयी तो मुका आहे. अत्यंत कमी आकडा दाखविणारे पाणीही काविळीचे असू शकते.

आता यंत्रणेचे भाग. गढूळपणा असल्यास वाळूची गाळणी. जडपणा बराच असल्यास मृदूकरणाचे पिंप, ज्यात राळेचे बारीक मणी असतात; ते पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम घेऊन सोडियम सोडतात, आणि मणी भरले की मिठाच्या पाण्याने धुऊन पुन्हा ताजे करावे लागतात. वास असल्यास कोळसा, परंतु तो केवळ स्वयंपाकघरातील पिण्याच्या नळाशी. टाकीच्या आधी कदापि नको. जंतूंसाठी अतिनील किरणांचा दिवा, तोही पिण्याच्या नळाशी, कारण त्याचा परिणाम दिव्यासमोरून जाणाऱ्या पाण्यापुरताच असतो आणि पुढे साठविल्यास ते पाणी पुन्हा दूषित होऊ शकते. राहिला ‘आर.ओ.’. संपूर्ण घरासाठी आर.ओ. घेऊ नये, हे मी ठामपणे सांगतो. घरगुती यंत्रात एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर सहज वाया जातात. अंघोळीच्या व धुण्याच्या पाण्यासाठी ही उधळपट्टी कशाला? ज्या पाण्यातील क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी आहेत तेथे आर.ओ. वापरण्यावर बंदी घालावी, असा निर्देश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ साली केंद्र शासनास दिला होता. तापीच्या नळाच्या पाण्यापुरते बोलायचे तर क्षारांसाठी आर.ओ. घेण्याचे कारण सामान्यतः पडू नये. पण अंतिम उत्तर आपल्या अहवालातील आकडाच देईल.

आकारमानाविषयी थोडा हिशेब करू. नळयोजनांचा आराखडा करताना शहरात माणशी दररोज १३५ लिटर पाणी धरतात. पाच माणसांच्या घरास ६७५ लिटर. चोवीस बिऱ्हाडांना १६,२०० लिटर. मोटार दिवसातून दोन तास चालत असेल तर गाळणीतून तासाला ८,१०० लिटर पाणी जाणार. म्हणजे यंत्रणेची क्षमता त्याहून थोडी अधिकच हवी. ताईच्या सोसायटीत बसविलेले पिंप ह्याच्या निम्म्याही क्षमतेचे नव्हते. लहान गाळणीतून जोराने पाणी लोटले की ते वाळूत वाटा पाडून निघून जाते, गाळ जिथल्या तिथे राहतो व पुढेही जातो. विक्रेत्यास ‘दिवसाला किती लिटर’ असे न विचारता ‘तासाला किती लिटर’ असे विचारावे.

मृदूकरणाचा हिशेब तर गृहिणींनी स्वतः करण्यासारखा आहे. जडपणा ४०० असलेले ६७५ लिटर पाणी म्हणजे दररोज २७० ग्रॅम जडपणा काढावयाचा. एक लिटर राळ साधारण ५० ग्रॅम काढते. पंचवीस लिटरांच्या पिंपाची शक्ती १,२५० ग्रॅम. म्हणजे चार-साडेचार दिवसांनी मिठाची धुलाई आणि दर खेपेस तीन-चार किलो मीठ. महिन्याकाठी पंचवीस किलोंच्या आसपास मीठ कोण आणणार, कोण घालणार आणि ते खारे सांडपाणी कोठे सोडणार, हे आधी ठरवावे. दुसरे असे, की १०० मिलिग्रॅम जडपणा काढताना लिटरमागे ४६ मिलिग्रॅम सोडियम पाण्यात येते. आपल्या उदाहरणात ते १८४ मिलिग्रॅम झाले. घरात रक्तदाबाचा रुग्ण असेल, डॉक्टरांनी मीठ वर्ज्य सांगितले असेल, तर पिण्याचा व स्वयंपाकाचा नळ मृदूकरणाच्या आधीच वेगळा काढून घ्यावा. नळकाम चालू असताना ह्यास फारसा खर्च येत नाही. नंतर भिंत फोडावी लागते.

निगा हा विषय रुक्ष आहे आणि म्हणूनच दुर्लक्षित आहे. यंत्र बसविताना नारळ फुटतो, छायाचित्र निघते. वाळू उलटी धुण्याच्या दिवशी कोणी येत नाही. वाळूच्या पिंपास आत व बाहेर असे दोन दाबमापक असावेत. नव्या वाळूवर त्या दोहोंत जो फरक असेल तो भिंतीवर लिहून ठेवावा. तो लक्षणीय वाढला की वाळू भरली असे समजून उलट दिशेने पाणी सोडून ती धुवावी, बाहेर येणारे पाणी निवळ होईपर्यंत. पावसाळ्यात हे काम आठवड्यात दोन-तीनदा करावे लागेल. घरातील कोळशाची नळी सहा महिने ते वर्ष ह्या अवधीत बदलावी, वास येण्याची वाट पाहू नये. अतिनील दिव्याचे आयुष्य साधारण ९,००० तास, म्हणजे अखंड चालल्यास वर्षभर. त्यानंतरही निळा प्रकाश दिसत राहतो, परंतु जंतू मारण्याची शक्ती ओसरलेली असते. डोळ्यांना दिसणारा प्रकाश हा पुरावा नव्हे.

टाक्या वर्षातून दोनदा, पैकी एकदा पावसाळा संपताच, रिकाम्या करून घासाव्यात. धुतल्यावर टाकी भरून हजार लिटरला २०० ग्रॅम टी.सी.एल. पावडर मिसळावी, काही तास तशीच ठेवून ते पाणी सोडून द्यावे. हे पाणी पिण्याचे नव्हे, हे इमारतीतील प्रत्येकास आधी कळवावे. भूमिगत टाकीत उतरणाऱ्या माणसास एकट्याने उतरू देऊ नये. बंद टाकीत हवा दूषित असते व दरवर्षी माणसे त्यात प्राण गमावतात. साथीच्या दिवसांत, किंवा नळाच्या पाण्यात क्लोरीन आढळत नसल्यास, हजार लिटरला ५ ग्रॅम ताजी पावडर हे आपल्याकडील रूढ प्रमाण आहे. ती बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन वरचे पाणी टाकीत ओतावे व अर्धा तास थांबून ओ.टी. परीक्षण करावे. पावडरीचे पुडके उघडे राहिले की तिचा दम जातो. वर्षापूर्वीच्या पिशवीतील पावडर घालून निर्धास्त राहिलेले लोक मी पाहिले आहेत. आणि गावात साथ असेल तेव्हा, यंत्र कोणतेही असो, पिण्याचे पाणी उकळून घ्यावे.

पुरासंबंधी आपणांस मी काय सांगावे? २००६ च्या ऑगस्टमध्ये सुरतेचा मोठा भाग पाण्याखाली होता आणि इथे बसलेल्या अनेकांनी ते दिवस गच्चीवर काढले आहेत. एवढेच सांगतो, की पुराचे पाणी ज्या टाकीत व ज्या पिंपात शिरले त्यातील वाळू, कोळसा, राळ ह्यांना धुऊन वापरण्याचा मोह धरू नये. सर्व बदलावे. नवी यंत्रणा बसवीत असाल तर मोटार व पिंपे आवारातील खड्ड्यात न ठेवता उंच ओट्यावर ठेवावीत, आणि भूमिगत टाकीचे तोंड जमिनीपासून चांगले वर उचलून घ्यावे.

खरेदीच्या वेळी विक्रेत्याशी वार्षिक देखभालीचा करार होतो. त्यात कोणता भाग केव्हा बदलणार हे दिनांकासह लिहून घ्यावे. ‘आवश्यकतेनुसार’ हा शब्द खोडून टाकावा. यंत्राच्या किमतीसोबत पुढील पाच वर्षांचा मीठ, कोळसा, दिवा व मजुरी ह्यांचा खर्च मांडून मगच सभेत ठराव घ्यावा. हा खर्च पेलणार नसेल तर यंत्र न घेता टाकीची दुरुस्ती, झाकण, जाळी आणि घरोघरी पिण्यापुरती साधी गाळणी एवढ्यावर समाधान मानणे अधिक शहाणपणाचे आहे.

ताईच्या सोसायटीने शेवटी तेच केले. कोळशाचे पिंप काढले. मैल्याचा चेंबर दूर हलवून टाकीचा तडा बुजविला, वाळूचे पिंप मोठे घेतले, आणि ज्याला त्याला आपल्या स्वयंपाकघरात हवे ते यंत्र घेण्याची मुभा दिली. दर रविवारी सकाळी तीन ठिकाणच्या पाण्याचे ओ.टी. परीक्षण करून त्याची नोंद जिन्याखालील वहीत करण्याचे काम माझ्या भाच्याकडे आले. तो आता येथेच एका महाविद्यालयात शिकतो. काल संध्याकाळी मी ती वही चाळली. बहुतेक नोंदी नेटक्या आहेत. मधले तीन रविवार मात्र कोरे दिसले. कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, ‘मामा, द्रावणाची बाटली संपली होती.’ आज सकाळी येथे येण्यापूर्वी आम्ही दोघे बाजारात जाऊन दोन बाटल्या घेऊन आलो. त्यांतील एक ह्या टेबलावर आहे. ज्यांनी आपापल्या घरचे पाणी बाटलीत भरून आणले आहे त्यांनी ते पुढे आणावे, आपण आताच पाहू.